चेहरा आपली नजर का ओढून घेतो?

(सौंदड येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

जे मोबाईलवर ऐकताहेत त्यांच्याकडे बघायचं म्हणजे मला या भिंगाकडे बघावं लागतं, आणि भिंगाकडे बघून बोलणं मला अजून जमलेलं नाही. का जमत नाही, तेही आजच्या विषयातच येईल.

सुरुवात आपल्या फाट्यावरून करू. हायवेवर, म्हणजे पूर्वीचा सहा नंबर आणि आता त्रेपन्न नंबर, तिथं मागच्या महिन्यात एक मोठा फ्लेक्स लागला होता. माझी नात सोबत होती. तिला म्हटलं, चेहरे मोज. तिनं मोजले, सत्तावीस. मधे एक मोठा, वर चार मध्यम, आणि खाली चिंचोक्यांसारखे ओळीनं लावलेले बावीस. मग विचारलं, फ्लेक्स कशाचा आहे? ती म्हणाली, आबा, वाढदिवसाचा असेल. पुन्हा वाचायला लावलं. तो मोफत नेत्रतपासणी शिबिराचा फ्लेक्स होता! तारीख उजवीकडे खाली, पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांत. (हशा) हसू नका. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई त्या फ्लेक्ससमोरून रोज दोनदा जातात. त्यांनी सगळे चेहरे ओळखले, कोण कोणाच्या गटात गेला तेही मला सांगितलं. शिबिराला मात्र त्या गेल्या नाहीत. तिथं शिबिराची तारीख होती हे त्यांना दिसलंच नव्हतं.

आता "दिसलंच नव्हतं" हा शब्द नीट बघू. फ्लेक्स डोळ्यांसमोर होता, अक्षरंही होती, उजेड होता. मग दिसलं नाही म्हणजे काय झालं?

हात लांब करा आणि अंगठा वर धरा. अंगठ्याच्या नखाएवढा, फार तर दोन नखांएवढा भाग आपल्याला एका वेळी स्वच्छ दिसतो. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक छोटा खळगा आहे, बारीक काम तेवढाच करतो. त्याच्या कडेचं सगळं धूसर असतं. आपल्याला ते धूसर वाटत नाही, कारण डोळा सेकंदाला तीनेक वेळा उडी मारत असतो आणि जिथं उडी पडली तिथलं स्वच्छ चित्र मिळत जातं. म्हणजे बघणं ही फोटो काढण्यासारखी एका झटक्यातली गोष्ट नाही. अंधारात बॅटरीचा झोत फिरवावा तसं ते आहे. झोत कुठं पडायचा हे कोण ठरवतं, हा खरा प्रश्न.

आपल्या नैयायिकांना हा प्रश्न चांगला ठाऊक होता. त्यांचं म्हणणं असं: पाचही इंद्रियं एकाच वेळी आपापल्या विषयांना भिडलेली असतात, तरी पाच ज्ञानं एकदम होत नाहीत, एका वेळी एकच होतं. म्हणजे इंद्रिय आणि आत्मा यांच्यामधे आणखी काहीतरी असलं पाहिजे, जे एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतं. त्याला त्यांनी मन म्हटलं, आणि ते अणुएवढं मानलं. अणु का, तर मोठं असतं तर ते सगळीकडे एकदम पसरलं असतं. मी एकतीस वर्षं हे वर्गात शिकवलं. खरं सांगतो, शिकवताना मला हा जुन्या लोकांचा तर्काचा खेळ वाटायचा. आज "अवधान" या विषयावर जे प्रयोग होतात, ते याच प्रश्नाच्या मागे आहेत.

त्यातला सगळ्यांत गाजलेला प्रयोग रशियातला. आल्फ्रेड यार्बुस नावाच्या संशोधकानं बघणाऱ्याच्या डोळ्यावर एक बारीक टोपी बसवली, चक्क हवेच्या ओढीनं चिकटवली. तिच्यावर इवलासा आरसा होता. डोळा हलला की आरशावरचा प्रकाश हलायचा, आणि त्याची रेघ कागदावर उमटायची. बघणाऱ्यासमोर त्यानं इल्या रेपिनचं एक चित्र ठेवलं. हद्दपारीतून सुटलेला माणूस अचानक घरात येतो, घरचे दचकून बघताहेत, असं ते चित्र. यार्बुसचं पुस्तक इंग्रजीत १९६७ मध्ये आलं. त्यातल्या रेघा बघितल्या की थक्क व्हायला होतं. खोली एवढी मोठी, टेबल आहे, खिडकी आहे, भिंतीवर चित्रं आहेत. आणि रेघांचे गुंते कुठं झालेत, तर चेहऱ्यांवर. एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर, तिथून परत पहिल्यावर. नुसता चेहरा दाखवला तर डोळा, डोळा, तोंड, पुन्हा डोळा, असा त्रिकोण उमटतो. यार्बुसनं पुढे प्रश्न बदलून पाहिला. या घराची आर्थिक परिस्थिती सांगा म्हटलं की रेघा सामानाकडे वळल्या. म्हणजे झोत आपल्या हातात थोडा आहे. हातातून सुटला की मात्र तो चेहऱ्यावर जाऊन बसतो.

किती लवकर जातो? दोन चित्रं शेजारी ठेवून, एकात चेहरा आणि एकात दुसरं काही, चेहऱ्याकडे बघा असं सांगितलं, तर डोळ्याची उडी सेकंदाच्या दहाव्या भागात सुरू होऊ शकते. फ्रान्समध्ये सिमोन थॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे दाखवलं. गाडीकडे बघा, असं सांगितलं तर इतकं झपाट्यानं होत नाही. त्याहून गमतीची गोष्ट अशी की, गाडीकडेच बघा म्हणून बजावलं तरी डोळा चुकून चेहऱ्याकडे पळतो. म्हणजे माझी शेजारीण दोषी नाही. त्या सत्तावीस चेहऱ्यांनी तिच्या झोताला तारखेपर्यंत पोचूच दिलं नाही.

हे आपण शिकतो की घेऊन येतो? १९७५ मध्ये अमेरिकेत नुकत्याच जन्मलेल्या बाळांवर एक प्रयोग झाला. नुकत्याच म्हणजे सरासरी नऊ मिनिटांच्या! त्यांच्यासमोर पाटी हळूहळू फिरवली. एका पाटीवर डोळे-नाक-तोंड जागच्या जागी, दुसरीवर तेच अवयव विस्कटलेले, तिसरी कोरी. बाळानं मान आणि डोळे सगळ्यांत जास्त फिरवले ते नीट चेहऱ्यामागे. लोकांचा विश्वास बसेना. १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये मार्क जॉन्सन आणि मंडळींनी तो पुन्हा करून पाहिला, आणि मुख्य गोष्ट टिकली. या बाळाला आईचा चेहरा ओळखता येत नाही, हे लक्षात घ्या. त्याच्याकडे असतो तो फक्त एक कच्चा साचा: वर दोन ठिपके, खाली एक. तेवढ्यावर ते वळतं, आणि वळतं म्हणून पुढे चेहरे शिकतं.

वर दोन ठिपके, खाली एक. हा साचा एवढा ढिला आहे की तो कशावरही बसतो. विजेच्या प्लगपासून गाडीच्या पुढच्या दिव्यांपर्यंत सगळीकडे आपल्याला तोंडं दिसतात. १९७६ मध्ये व्हायकिंग-१ या यानानं मंगळावरच्या एका टेकडीचा फोटो पाठवला, तो हुबेहूब माणसाच्या चेहऱ्यासारखा होता. लोकांनी त्यावर पुस्तकं लिहिली. २००१ मध्ये जास्त स्वच्छ फोटो आला, तेव्हा ती नुसती टेकडी निघाली. सावल्यांचा खेळ होता.

पण मंगळावर कशाला जायचं? आपल्या शिवेवर शेंदूर लावलेला दगड असतो. त्याला नाक नाही, तोंड नाही, हातपाय नाहीत. त्याला दोन चांदीचे डोळे बसवले की झालं, तुम्ही त्याच्याकडे पाठ करून उभे राहत नाही. मी नास्तिक माणूस, माझ्या घरच्यांना ठाऊक आहे, पण मीही राहत नाही. मूर्तिकारांना विचारा. गणपतीचं सगळं काम कारखान्यातली पोरं करतात, डोळ्यांची आखणी मात्र हात बसलेल्या कारागिराकडे जाते. पेणला तर आखणी करणाऱ्याचा मान वेगळाच. बुबुळ गुंजभर इकडेतिकडे झालं तर देव बघत नाही, किंवा भलतीकडे बघतो. आणि आपण देवळात जाऊन काय करतो? "दर्शन घेतो". नुसतं बघायला गेलो असं म्हणत नाही. देवाची नजर आपल्यावर पडावी, हा त्यातला अर्धा भाग आहे.

इथं चेहरा संपतो आणि नजर सुरू होते.

माणसाच्या डोळ्यात एक गोष्ट आहे जी इतर माकडांच्या डोळ्यात एवढी उघड नसते. ती म्हणजे पांढरा भाग. कोबायाशी आणि कोशिमा या दोन जपानी शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये वानरवर्गातल्या पुष्कळ प्राण्यांचे डोळे मोजले. माणसाचा डोळा आडवा लांब, आणि त्यातला पांढरा भाग सगळ्यांत जास्त उघडा, बिनरंगी. त्यामुळे बुबुळ कुठं वळलं हे लांबूनही कळतं. शिकार करणाऱ्या किंवा लपणाऱ्या प्राण्याला हे परवडणारं नाही, आपण कुठं बघतोय हे का सांगायचं? माणसाला परवडलं, कदाचित फायद्याचंही ठरलं असावं, कारण माणूस दुसऱ्याबरोबर मिळून काम करतो. मायकेल टोमासेलो यांच्या गटानं २००७ मध्ये बघितलं की चिंपांझी वगैरे मुख्यतः डोकं कुठं वळलं त्यामागे बघतात, आणि माणसाचं वर्षा-दीड वर्षाचं मूल डोळे कुठं वळले त्यामागे. पांढरा भाग त्याचसाठी आला, हे मी ठामपणे म्हणणार नाही. त्यावर वाद चालू आहे.

दुसऱ्याची नजर आपल्याला ओढते. १९९८ मध्ये फ्रीसन आणि किंगस्टोन यांनी एक साधा प्रयोग केला. पडद्यावर रेघांनी काढलेला चेहरा, त्याची बुबुळं डावीकडे किंवा उजवीकडे वळतात, आणि मग एका बाजूला अक्षर येतं. लोकांना आधीच सांगितलं होतं की डोळ्यांचा आणि अक्षराचा काही संबंध नाही. तरीही डोळे वळले त्या बाजूचं अक्षर लवकर सापडायचं. सांगून उपयोग नाही, आपण वळतोच.

राजा रविवर्म्यांचं १८९३ चं एक चित्र आहे, "ते पाहा बाबा आले" अशा अर्थाचं त्याचं नाव. त्यांची मुलगी आपल्या बाळाला घेऊन उभी आहे आणि दोघंही डावीकडे बघताहेत. बाबा चित्रात नाहीतच! पण बघणारा प्रत्येक जण चौकटीच्या त्या कडेला शोधतो. तेच रविवर्मे देवादिकांची चित्रं काढायचे तेव्हा लक्ष्मी, सरस्वती समोर बघताना काढायचे. मळवलीच्या छापखान्यातून ती घरोघरी गेली. भिंतीवर टांगायची, हात जोडायचे, म्हणजे तिनं आपल्याकडे बघायलाच हवं. आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघा. तो कोणाकडेच बघत नाही, पापण्या खाली झुकलेल्या. त्याच्यासमोर उभं राहिलं की आपलाही आवाज खाली येतो. माझा तरी आला होता.

आपल्या झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांना हे शास्त्र पुस्तकाशिवाय येतं. मंडई सुरू झाली की रात्र-रात्र आपण बसतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाचं तोंड नखाएवढं दिसतं. मग कुठं बघायचं हे त्याला कोण सांगतं? रंगमंचावर जे बोलत नाहीत ते. एक जुना नट मला म्हणाला होता, "सर, आपला डायलॉग नसला का आपलं काम बघाचं. आपन ज्याच्याकडं बघतो, पब्लिक त्याच्याकडं बघते." नवशिका नट काय करतो? दुसरा बोलत असताना तोच प्रेक्षकांकडे बघतो. संपलं! सगळ्या गावाची नजर त्याच्यावर.

शहराच्या रस्त्यावर हेच मोजलं ते स्टॅन्ली मिलग्रम यांनी, १९६९ मध्ये न्यूयॉर्कला. फुटपाथवर एका माणसाला उभं करून समोरच्या इमारतीच्या खिडकीकडे वर बघायला लावलं. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं. एकटा बघत होता तेव्हा जाणाऱ्यांतले शंभरातले बेचाळीस जण वर बघून गेले. पंधरा जण बघत उभे केले तेव्हा शहाऐंशी. त्यातला फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो असा: एकट्याला बघून थांबले फक्त चार टक्के, पंधरांना बघून थांबले चाळीस टक्के. मान वळवायला एक डोळा पुरतो, पाय थांबायला गर्दी लागते. राजकारण्यांना हे मी सांगायची गरज नाही.

आता मला ज्यात सर्वांत रस आहे तिथं येतो. आपण म्हणतो, नजर टाकली, नजर लागली, नजरेनं घायाळ केलं, त्याची नजर मला टोचत होती. जणू डोळ्यातून काहीतरी निघतं आणि जाऊन लागतं. नैयायिकांचं नेमकं हेच मत. चक्षू तेजाचं बनलेलं आहे, त्याचा किरण बाहेर जाऊन वस्तूला भिडतो आणि मग ज्ञान होतं. चक्षू "प्राप्यकारी" आहे, असं ते म्हणत. बौद्ध आणि जैन म्हणाले, छे, डोळा जागेवरून हलत नाही. आपल्या डोळ्यातलं काजळ जे सर्वांत जवळ, तेच आपल्याला दिसत नाही, मग भिडण्याचा काय संबंध? युक्तिवाद झकास आहे. आणि भौतिकशास्त्रानं निकाल बौद्ध-जैनांच्या बाजूनं दिला: प्रकाश आत येतो, बाहेर काही जात नाही.

मीही वर्गात असाच निकाल देऊन पुढच्या प्रकरणाकडे जात असे. २०१९ मध्ये अमेरिकेत गुटरस्टाम, ग्राझियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो वाचून मला माझा निकाल अर्धा मागे घ्यावा लागला. त्यांनी पडद्यावर टेबल दाखवलं, त्यावर कागदाची उभी नळी, आणि बाजूला एक माणूस नळीकडे बघतोय. प्रश्न एवढाच: ही नळी किती कलली की पडेल? माणसाच्या दिशेनं नळी कलत असेल तेव्हा लोकांना वाटलं, जरा जास्त कलली तरी टिकेल. जणू नजर तिला पलीकडून आधार देतेय. विरुद्ध दिशेनं कलत असेल तेव्हा वाटलं, लवकर पडेल. फरक अगदी बारीक, पण पुन्हा पुन्हा येणारा. त्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली की फरक गायब! त्याच लोकांना उघड विचारलं, डोळ्यातून काही बाहेर जातं का? जवळजवळ सगळे नाही म्हणाले.

मला हे फार मोलाचं वाटतं. डोळा कसा चालतो याबद्दल नैयायिक चुकले. दुसऱ्याची नजर आपलं मन कशी धरतं, त्याचं वर्णन मात्र त्यांनी बरोबर केलं, नकळत का होईना. कोण कुठं लक्ष देतोय हे झटपट समजायला मेंदू एक सोपं चित्र वापरत असावा: तिथून एक काठी निघाली आहे आणि इथं टेकली आहे. "टोचली" म्हणायला मग हरकत काय? दृष्ट काढणाऱ्या आजीला हसणाऱ्यांनी (मीही हसलो आहे) एवढं ध्यानात ठेवावं की तिचा सिद्धांत तुमच्याही डोक्यात बसलेला आहे. मिरच्या-मिठानं काही होत नाही, हे वेगळं.

आणि हे फक्त माणसातच चालतं असंही नाही. आपल्याकडे एका बाजूला नागझिरा, एका बाजूला नवेगाव. गाय गेली, गोऱ्हा गेला, हे आपण ऐकतच असतो. वाघ-बिबट्या दबा धरतो, आणि जनावराचं तोंड आपल्याकडे नाही असं पाहून येतो. सुंदरबनात १९८६-८७ च्या सुमारास मधवाले आणि लाकूडतोडे डोक्यामागे मुखवटा बांधून जंगलात जाऊ लागले. मुखवटेवाल्यांवरचे हल्ले थांबले होते, पुढे वाघ त्याला सरावले असंही सांगतात. अलीकडे बोत्स्वानात जास्त शिस्तीनं प्रयोग झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गुरांच्या ढुंगणावर दोन मोठे डोळे रंगवले. (हशा) हसा, पण आकडे ऐका. चार वर्षांत डोळे रंगवलेल्या ६८३ जनावरांपैकी एकही सिंह-बिबट्यांनी मारलं नाही. नुसती फुली रंगवलेल्या ५४३ पैकी चार गेली, काहीच न रंगवलेल्या ८३५ पैकी पंधरा. तिथले शास्त्रज्ञ स्वतःच सांगतात की जंगली जनावर याला किती दिवस फसेल ते बघावं लागेल. आपल्याकडे उद्या सकाळी ब्रश घेऊन निघू नका. पण विचार करायला काय हरकत आहे?

याच्या उलट एक प्रकरण, ज्यात मी स्वतः घाई केली. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला एका चहाच्या टेबलावर पैसे टाकायचा डबा होता. वर एक आठवडा फुलांचं चित्र, एक आठवडा डोळ्यांचं. डोळ्यांच्या आठवड्यात जवळजवळ तिप्पट पैसे जमले. मी हा प्रयोग किती भाषणांतून सांगितला असेल! पुढे इतरांनी असेच प्रयोग केले आणि सगळे गोळा करून तपासले, तेव्हा परिणाम डळमळीत निघाला. डोळ्यांचं चित्र लावलं की माणूस प्रामाणिक होतो, असं आता म्हणता येणार नाही. सार्त्रनं १९४३ मध्ये किल्लीच्या भोकातून डोकावणाऱ्या माणसाचं उदाहरण दिलं होतं. मागे पावलं वाजतात आणि तो शरमेनं गोठतो. त्याला डोळे दिसत नाहीत, दिसायची गरजच नसते. खरं कोणीतरी असू शकेल, एवढं पुरतं. कागदावरचे डोळे नजर ओढतात, पण तिथं कोणी नाही हे आपल्याला लवकरच कळतं.

चेहऱ्याच्या या ताकदीचा सरकारनंही विचार केला आहे. आपल्या पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह असे. बैलजोडी, झोपडी. चेहरा कुठंच नाही. २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो आला. एकाच नावाचे दोन-तीन उभे करून मतं फोडण्याचा धंदा चालायचा, त्यावर उपाय म्हणून. २०२५ मध्ये आयोगानं ठरवलं की फोटो रंगीत हवा आणि फोटोच्या जागेतला तीन चतुर्थांश भाग चेहऱ्यानं व्यापलेला हवा. हेतू चांगला आहे. पण नजर सरळ समोर, भुवया शांत, किंचित हसू, एवढ्यावरही माणसं भाळतात, हेही खरं.

आता थोडं अवघड बोलतो. कोणी कोणाकडे बघायचं, हे निसर्ग ठरवत नाही, गाव ठरवतं. आमच्या लहानपणी गुरुजींकडे मान वर करून बघितलं तर "डोळे वर करतो काय रे" म्हणून छडी बसायची. सुनेनं सासऱ्याकडे बघायचं नाही. मुलगी पाहायला पाहुणे आले की दहा जण तिच्याकडे बघणार, तिनं पाटाकडे बघायचं. आणि याच गावांत काही वस्त्यांतल्या माणसांनी वाड्यासमोरून जाताना नजर खाली ठेवायची, हे पाहिलेले लोक या सभागृहात आहेत. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे होते, आपण तेव्हा भंडारा जिल्ह्यातच. ते हरले. आज गावोगावी त्यांचा पुतळा आहे, मान ताठ, नजर समोर. हात पुढे, बोट दाखवतंय. ज्यांना खाली बघायला शिकवलं होतं त्यांच्या वस्तीच्या तोंडाशी तो उभा आहे. नऊ मिनिटांच्या बाळाला डोळ्यात बघायला कोणी शिकवत नाही, डोळे खाली करायला मात्र शिकवावं लागतं, आणि ते मारूनच शिकवलं जातं.

माझाही एक गुन्हा सांगून टाकतो. मी शिकवत असताना तोंडी परीक्षेला एक मुलगा यायचा. उत्तर अचूक, पण बघायचा खिडकीकडे. मी म्हणायचो, "माझ्याकडे बघून बोला." तो बघायचा आणि बोलणं बंद पडायचं. मी आत्मविश्वास नाही असं ठरवून गुण कापले. पुढे कितीतरी वर्षांनी स्वमग्नतेबद्दल वाचलं. अमी क्लिन यांनी २००२ मध्ये दाखवलं की स्वमग्न तरुण सिनेमा बघताना डोळ्यांऐवजी तोंडाकडे, वस्तूंकडे जास्त बघतात. २०१३ मध्ये त्यांनीच दाखवलं की ज्या बाळांना पुढे स्वमग्नता असल्याचं निदान झालं, तीही सुरुवातीला डोळ्यांकडे बघत होती. दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते कमी होत गेलं. त्या मुलाला काय होतं मला ठाऊक नाही, मी वैद्य नाही. पण काहींना डोळ्यात बघणं आणि विचार करणं एकदम झेपत नाही, आणि मी त्याला बघायला लावून त्याचा विचार बंद पाडत होतो, एवढं मला कळलं. इथं शिक्षक बसले आहेत, म्हणून सांगितलं.

आता शेवटचं. गावात काही जण माझ्यावर नाराज आहेत. परवा स्टेशनवर एकानं विचारलंच, "काहून जी सर, आजकाल ओळख नाही देत?" मंडळी, सहा वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजू लागला, आता डावाही लागला आहे. मघा तो अंगठ्याच्या नखाएवढा भाग सांगितला ना, तोच जातो. कडेचं दिसतं. मी रस्त्यानं चालतो, बैल दिसतो, दगड दिसतो. समोरच्याच्या शर्टाचा रंग दिसतो, आणि चेहऱ्याकडे बघितलं की तिथंच डाग. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. त्रास वाचता न येण्याचा होईल असं मला वाटलं होतं. पुस्तकं मोठ्या अक्षरांत करून घेता येतात. चुकतं ते डोळ्याला डोळा भिडणं. तुम्ही हसलात का, कंटाळलात का, मला आत्ता इथून कळत नाही. आवाजावरून अंदाज घेतो.

(एका श्रोत्याचा प्रश्न: हे आधी ओळखता येते का?)

चांगलं विचारलंत. एक डोळा हातानं झाका आणि दुसऱ्यानं दाराच्या चौकटीकडे किंवा फरशीच्या रेघांकडे बघा. मग डोळा बदला. चष्मा असेल तर लावूनच. सरळ रेघ वाकडी, लाटेसारखी दिसली किंवा मधे डाग दिसला तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, मोतीबिंदू असेल म्हणून थांबू नका. दोन्ही डोळे उघडे असतील तर चांगला डोळा वाईटाचं झाकून घेतो, माझं तसंच झालं, वर्षभर कळलंच नाही. याचा एक प्रकार असा असतो की त्यात नवीन रक्तवाहिन्या फुटून पाझरतात. तो लवकर सापडला तर डोळ्यात इंजेक्शन देऊन नजर वाचवता येते. उशीर झाला की गेलेलं परत येत नाही. बिडी-सिगारेटनं हा धोका वाढतो.

(दुसरा प्रश्न: सर, मग आम्ही तुम्हाला भेटलो तर काय करायचं?)

आधी नाव सांगा. "सर, मी अमका" एवढं म्हणा, मग नमस्कार करा. आणि ते पुढचं शिबीर लावणारे कोणी इथं असतील तर त्यांनी फ्लेक्सवर एकच चेहरा ठेवावा, आणि त्या चेहऱ्याला तारखेकडे बघायला लावावं.